आळशी वायूची गोधडी

पुण्यात डिसेंबरच्या दुपारी पारा २१ अंश सेल्सिअसवर असला, तर सकाळी घातलेला स्वेटर अंगात नकोसा होतो. त्याच २१ अंशांच्या पाण्यात तासभर गळ्यापर्यंत बसायचं ठरवलं, तर थोड्याच वेळात बोटं बधिर होतात आणि अंगात हुडहुडी भरते. उघड्या अंगाने, न हलता पाण्यात बसलेल्या माणसाला गरमही वाटू नये आणि गारही वाटू नये, यासाठी पाणी साधारण ३३ ते ३५ अंशांचं असावं लागतं. त्याहून थंड असलेलं कोणतंही पाणी अंगातली ऊब ओढून घेतच राहतं. फरक असतो तो फक्त वेगाचा.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागात वाकुला स्प्रिंग्ज नावाचा मोठा झरा आहे. त्याचं पाणी बारा महिने जवळपास त्याच २१ अंशांचं असतं. झऱ्याच्या तळातून चुनखडीच्या बोगद्यांचं प्रचंड जाळं निघतं आणि त्यातले कित्येक बोगदे ९० मीटरच्या आसपास खोल आहेत. २००७ च्या डिसेंबरमध्ये जॅरॉड जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली हे दोन पाणबुडे टर्नर सिंक नावाच्या एका खड्ड्यातून आत शिरले आणि सुमारे ११ किलोमीटर भुयारी प्रवास करून वाकुलाच्या झऱ्यात बाहेर पडले. या सगळ्याला वीस तासांच्या घरात वेळ लागला. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ पोहण्यात गेलाच नाही. तो गेला वर येता येता ठरलेल्या खोलीवर थांबून राहण्यात.

हे थांबणं म्हणजे डीकंप्रेशन. खोल पाण्यातल्या दाबाखाली श्वासातला वायू शरीरात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे रक्तात आणि ऊतींत तयार होतात. म्हणून इथे दहा मिनिटं, तिथे अर्धा तास, शेवटच्या सहा मीटरवर कित्येक तास, असं लोंबकळत राहावं लागतं. खाली पोहताना स्नायू निदान थोडी उष्णता तयार करतात. थांब्यावर तीही नसते. वर सूर्यप्रकाश दिसत असतो, पण बाहेर पडता येत नाही, आणि थंडी वाजते.

या थंडीवरचा एक उपाय तांत्रिक डायव्हिंग करणाऱ्यांना मिळाला तो वेल्डिंगच्या दुकानात.

कोरडा म्हणजे ऊबदार नव्हे

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांनी वेटसूट पाहिलेला असतो. तो फेसाळ रबराचा असतो, पाणी आत येऊ देतो आणि आलेलं पाणी अंगाजवळ धरून ठेवतो. कोकणच्या कोमट समुद्रात तेवढं पुरतं. ड्रायसूटचा विचारच वेगळा आहे. गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्स किंवा सिलिकोनच्या घट्ट पट्ट्या, जलाभेद्य चेन आणि आत पाण्याचा थेंबही नाही. बऱ्याच ड्रायसूटचं कापड मात्र रेनकोटसारखं पातळ असतं. त्याला स्वतःची ऊब जवळजवळ नसते. ऊब देतो तो आत घातलेला जाड, फुगीर कपडा, आणि त्या कपड्यालाही ऊब देतो तो त्याच्या धाग्यांत अडकलेला वायू.

गोधडीचं गणित हेच आहे. आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर टाचले की ऊब कापडापेक्षा थरांमधल्या हवेतून येते. गोधडी भिजली की ऊब गेली, कारण हवेच्या जागी पाणी आलं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त सहजतेने उष्णता वाहून नेतं. गोधडी फार दाबली तरी ऊब जाते, कारण हवाच निघून जाते.

पाण्याखाली हे दाबणं टळत नाही. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर सूटमध्ये दहा लिटर हवा असेल, तर दहा मीटरवर तिची पाच लिटर होते आणि चाळीस मीटरवर दोनच लिटर उरते. सूट अंगाला आवळून बसतो, त्याच्या घड्या कातडीला चिमटे काढतात आणि आतला कपडा चेपला जातो. म्हणून छातीवर एक झडप असते. ती दाबली की सिलिंडरमधून थोडा वायू आत येतो आणि सूट पुन्हा फुगतो. वर येताना तोच वायू प्रसरण पावतो, तेव्हा बहुधा डाव्या दंडावरच्या दुसऱ्या झडपेतून तो बाहेर सोडायचा.

आता प्रश्न असा, की हा वायू कुठला घ्यायचा? साध्या डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या सिलिंडरमधली हवाच नळीने सूटला दिली जाते. ९० मीटरवर मात्र पाठीवर हवा नसते.

हेलियम नावाची उघडी खिडकी

खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि ऑक्सिजन विषारी ठरतो. त्यामुळे दोन्हींचं प्रमाण कमी करून त्यात हेलियम मिसळतात. या मिश्रणाला ट्रायमिक्स म्हणतात. डोकं ताळ्यावर ठेवायला हेलियम उत्तम, कारण तो चढत नाही. पण उष्णता अडवण्याच्या कामी त्याच्यासारखा नालायक वायू शोधून सापडणार नाही. त्याच्याही पुढे आहे तो फक्त हायड्रोजन.

उष्णतावाहकतेचे आकडे एकाच मापात मांडले, तर हवा साधारण २६, हेलियम सुमारे १५५ आणि वेल्डिंगच्या दुकानातला तो उपाय, म्हणजे आर्गॉन वायू, १८ च्या आत. म्हणजे हेलियम हवेच्या सहापट वेगाने उष्णता पळवतो आणि आर्गॉन हवेच्या जेमतेम दोन तृतीयांश. सत्तर टक्के हेलियम असलेलं मिश्रण सूटमध्ये भरलं, तर ते हवेच्या तिपटीहून जास्त वाहक ठरतं. श्वासासाठी आणलेलाच वायू सूटमध्ये सोडणं म्हणजे थंडीच्या रात्री गोधडी पांघरून खिडकी सताड उघडी ठेवणं.

याचं कारण अणूंच्या हालचालीत आहे. वायूमध्ये उष्णता वाहते ती कणांच्या धावपळीतून: गरम बाजूचा कण धावत जातो, थंड बाजूच्या कणाला धडकतो आणि आपली ऊर्जा त्याला देतो. साध्या खोलीच्या तापमानाला हेलियमचे अणू सरासरी सेकंदाला सुमारे १२६० मीटर वेगाने धावतात, नायट्रोजनचे रेणू ४७५ च्या आसपास, तर आर्गॉनचे अणू ४०० च्या आसपास. आर्गॉनचा अणू हेलियमच्या दहापट जड आहे, त्यामुळे तो मंद आहे. शिवाय तो एकटा अणू आहे. नायट्रोजनचे दोन अणू जोडीने गिरक्या घेत जातात आणि त्या गिरक्यांमध्येही ऊर्जा वाहून नेतात. आर्गॉनकडे ती सोयही नाही.

मग खोल पाण्यात वायू दाट झाला की उष्णता जास्त वाहणार का? जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० मध्ये गणिताने दाखवलं, की वायूची उष्णतावाहकता त्याच्या दाबावर फारशी अवलंबून नसते. दाब दुप्पट झाला की निरोप्ये दुप्पट होतात, पण गर्दीमुळे प्रत्येकाची धावही निम्मी होते. त्यामुळे आर्गॉनचा फायदा दहा मीटरवरही तेवढाच आणि नव्वद मीटरवरही जवळपास तेवढाच, निदान कागदावर तरी. दाट वायू मोकळ्या पोकळीत फिरू लागला, तर ऊब वाहून नेऊ शकतो. ते फिरणं थांबवायलाच आतला कपडा लागतो.

एकाच माणसाचे दोन वायू

या गोष्टीतले दोन्ही वायू एकाच रसायनशास्त्रज्ञाच्या हाती लागले. लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. इतका बारीक फरक कुणीही तराजूच्या माथी मारला असता. रॅले यांनी तो सोडला नाही. विल्यम रॅमसे यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियममध्ये शोषून घेतला, तेव्हा मागे एक हट्टी वायू उरला. तो कशाशीही संयोग करत नव्हता. १८९४ मध्ये दोघांनी त्याची घोषणा केली आणि त्याला ग्रीक शब्दावरून नाव दिलं आर्गॉन, म्हणजे आळशी, काम न करणारा. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळपास एक टक्का असतो.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम वेगळा केला. तोवर हेलियमची ओळख फक्त सूर्यप्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेपुरती होती. त्या रेषेच्या शोधाचं नातं १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी आहे, आणि म्हणूनच आपल्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. रॅमसे यांचाही भारताशी संबंध आला. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी जागा सुचवायला ते १९०० मध्ये इथे आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. तिथे उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक होते मॉरिस ट्रॅव्हर्स. क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधण्यात रॅमसे यांना त्यांचीच साथ होती.

उष्णता अडवण्यात क्रिप्टॉन आणि झेनॉन आर्गॉनच्याही वरचढ आहेत. पण हवेत क्रिप्टॉन दहा लाखात जेमतेम एक भाग आणि झेनॉन त्याहूनही कमी. सूटमध्ये भरून पाण्यात सोडून देण्याइतके ते स्वस्त कधीच होणार नाहीत. आर्गॉनचं तसं नाही. हवा थंड करून द्रवरूप केली आणि तिचे घटक उकळबिंदूंनुसार वेगळे केले की ऑक्सिजन-नायट्रोजनबरोबर तोही टनावारी मिळतो. भोसरीपासून शिरोलीपर्यंत कुठल्याही एमआयडीसीत ‘आर्गॉन वेल्डिंग’ अशी पाटी दिसते. तापलेल्या धातूला हवेतल्या ऑक्सिजनपासून दूर ठेवण्याचं काम हा आळशी वायू तिथे करत असतो. दुहेरी काचेच्या खिडक्यांमध्येही ऊब अडवायला तोच भरतात.

वेल्डिंगच्या दुकानातून घेताना एक गोष्ट नीट पाहावी लागते. तिथे आर्गॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळलेले सिलिंडरही असतात. असा वायू सूटमध्ये गेला तर घामाशी मिळून सौम्य आम्ल होतं आणि कातडी चुरचुरते. पाणबुड्याला शुद्ध आर्गॉनच लागतो.

छोटी बाटली, मोठी भीती

सूटसाठी आर्गॉन वेगळ्या, छोट्या बाटलीत नेतात. दीड-दोन लिटरची ही बाटली पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरच्या बाजूला पट्ट्याने बांधलेली असते. वाकुलाच्या गुहांचा शोध घेणाऱ्या पाणबुड्यांच्या गटाने आपल्या साधनांची जी शिस्तशीर मांडणी प्रचारात आणली, तिच्यात या बाटलीची जागा पाठीच्या डाव्या बाजूला ठरलेली आहे.

तिच्यावरचा रेग्युलेटर मात्र अर्धाच असतो. नेहमीच्या रेग्युलेटरचे दोन भाग असतात. पहिला भाग सिलिंडरचा प्रचंड दाब उतरवतो आणि दुसरा तोंडात धरून श्वास घ्यायचा असतो. आर्गॉनच्या बाटलीला हा तोंडात धरायचा भाग मुद्दामच नसतो. कारण त्या बाटलीत ऑक्सिजनचा कणही नाही. शुद्ध आर्गॉनचा श्वास घेतला, तर माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, कारण गुदमरण्याची जाणीव रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो नेहमीसारखा बाहेर पडत असतो. काही श्वासांतच, काही कळायच्या आत, शुद्ध हरपते. त्यात भर म्हणजे दाबाखाली आर्गॉन नायट्रोजनपेक्षा दुपटीहून जास्त चढतो. म्हणून बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहायचं आणि तिच्यावर श्वास घेता येईल असं काहीही बसवायचं नाही, हा या धंद्यातला दंडक आहे.

यातून एक अडचण निर्माण होते, आणि नवशिक्याला ती सहसा सुचत नाही. पहिल्या भागात बिघाड होऊन दाब वाढला, तर नेहमीच्या रेग्युलेटरमध्ये तोंडाकडचा भाग आपोआप फुसफुसतो आणि जास्तीचा वायू सोडून देतो. इथे तो भागच नाही. वाढलेला दाब जाणार कुठे? नळी फुटण्यापर्यंत. म्हणून आर्गॉनच्या रेग्युलेटरवर वेगळी सुरक्षा झडप बसवावीच लागते. घरच्या कुकरला शिट्टीशिवाय वेगळी सुरक्षा झडप असते, तशीच.

अर्धी हवा, अर्धा आर्गॉन

एवढं करूनही सूटमध्ये खरोखर आर्गॉन किती असतो? पाण्यात उतरण्याआधी सूट हवेनेच भरलेला असतो. ती हवा न काढता पाणबुड्या दहा मीटरवर गेला, तर तिचं आकारमान निम्मं होतं आणि उरलेल्या निम्म्या जागेत आर्गॉन येतो. म्हणजे मिश्रण पन्नास-पन्नास. चाळीस मीटरवर दाब पाचपट होतो, तेव्हा हवा एक पंचमांश आणि आर्गॉन ऐंशी टक्के. नव्वद मीटरवर आर्गॉन नव्वद टक्क्यांवर जातो. दोनशे बारपर्यंत भरलेली दोन लिटरची बाटली म्हणजे पृष्ठभागावरचा ४०० लिटर वायू. दहा लिटरच्या सूटला तळापर्यंत लागणारे नव्वद लिटर त्यातून सहज निघतात.

उथळ पाण्यातल्या डायव्हला हे गणित फसवतं. तिथे आर्गॉन हवा असेल, तर उतरण्याआधीच सूट फुगवायचा आणि रिकामा करायचा, असं दोन-तीन वेळा करावं लागतं. दर वेळी आतला निम्मा वायू बदलला, तर तीन खेपांनंतर मूळ हवेचा आठवा हिस्सा उरतो. हा कंटाळा करून ‘आर्गॉनने काही फरक पडत नाही’ म्हणणारे खरं तर हवेतच पोहलेले असतात.

मोजमापाची परीक्षा

पण कंटाळा न करताही फरक पडतो का? इथे गोष्ट अवघड होते. पाणबुड्याला बाटलीत काय आहे हे माहीत असेल, तर ‘आज उबदार वाटतंय’ या त्याच्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून चाचणी अशी हवी, की कोणता वायू भरला आहे हे त्याला कळू नये.

नॉर्वेमध्ये रिस्बर्ग आणि होप यांनी अशी चाचणी घेतली आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: हवा आणि आर्गॉन यांत त्यांना दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या नौदलाने सात पाणबुड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पाणी १३ अंशांचं, खोली तीन मीटर, वेळ एक तास, अंगात लोकरीचे कपडे आणि रबरी ड्रायसूट. शरीराच्या आतलं तापमान गिळलेल्या एका छोट्या रेडिओ-गोळीने मोजलं. एकूण १९ डायव्हपैकी १३ मध्ये सूटमध्ये आर्गॉन होता आणि सहामध्ये हवा. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पाणबुड्यांना तासाभराने गार वाटू लागलं, पण शरीराच्या आतलं तापमान कुणाचंच ढळलं नाही.

आर्गॉन निकामी ठरला, असा याचा अर्थ लावणं घाईचं होईल. डच पाणबुड्यांचं आतलं तापमान हवेनेही उतरलं नव्हतं, मग आर्गॉन वाचवणार काय? आधीच पुरेशा असलेल्या पांघरुणावर आणखी एक पांघरूण घातलं, तर त्याची परीक्षा होत नाही. तरीही या प्रयोगांनी एक गैरसमज दूर केला. वायूची वाहकता एक तृतीयांशाने कमी झाली, म्हणून सूटमधून जाणारी उष्णता एक तृतीयांशाने कमी होत नाही. काही उष्णता धाग्यांतून जाते, काही कपडा चेपून अंगाला भिडलेल्या जागांतून, काही डोक्यातून आणि हातांतून, काही थंड कोरड्या श्वासातून. उभ्या पाणबुड्याच्या सूटमधला वायू खांद्यांकडे गोळा होतो आणि पाय आवळलेले राहतात. या सगळ्या वाटा आर्गॉनच्या हातात नाहीत.

यातून हिशोब असा निघतो. सूटमधून हेलियम हद्दपार करणं हा मोठा फायदा आहे आणि तो साध्या हवेची वेगळी बाटली नेऊनही मिळतो. हवेवरून आर्गॉनवर जाण्याने जी भर पडते, ती छोटी असते आणि डायव्ह जितकी लांब, तितकी ती कामी येते. अर्ध्या तासाच्या डायव्हसाठी आर्गॉन नेणं ही हौस आहे. पाण्यात अर्धा दिवस काढणाऱ्याला मात्र थोडी बचतही पुष्कळ वाटते.

थांब्यावरची ऊब

थंडीचा प्रश्न केवळ कुडकुडण्यापुरता नाही. फ्लोरिडातल्याच पनामा सिटीमध्ये अमेरिकी नौदलाचं डायव्हिंग प्रयोग केंद्र आहे. तिथे २००७ च्या सुमारास एक मोठा प्रयोग झाला. पाणबुड्यांना सुमारे ३७ मीटरच्या दाबाखाली नेलं. तळाशी आणि वर येताना पाण्याचं तापमान कधी ३६ अंश, कधी २७ अंश ठेवलं. तळाशी गरम आणि वर येताना थंड अशा डायव्हमध्ये, तळाशी फक्त अर्धा तास घालवूनही, सुमारे २२ टक्के वेळा डीकंप्रेशनचा आजार झाला. तळाशी थंड आणि वर येताना गरम अशा डायव्हमध्ये, तळाशी ७० मिनिटं घालवूनही, हे प्रमाण सुमारे १.३ टक्क्यांवर राहिलं.

कारण रक्ताभिसरणात आहे. ऊब असली की हातापायांकडे, त्वचेकडे रक्त मोकळं वाहतं. तळाशी असं झालं, तर ऊतींमध्ये वायू भराभर भरतो. थांब्यावर गारठा आला की रक्तवाहिन्या आकसतात आणि भरलेला वायू बाहेर पडायची वाट अरुंद होते. आत येताना हमरस्ता, बाहेर पडताना पायवाट.

म्हणून सूटच्या आत बॅटरीवर तापणारं जाकीट घालताना फार विचार करावा लागतो. आर्गॉनपेक्षा ते किती तरी प्रभावी आहे. पण तळाशी ते सुरू ठेवलं आणि थांब्यावर बॅटरी संपली, तर नौदलाच्या प्रयोगातली सर्वांत वाईट जोडी पाणबुड्याने स्वतःच जुळवलेली असते.

आर्गॉनचा आळस इथे उपयोगी पडतो. तो काहीच तापवत नाही, फक्त असलेली ऊब सावकाश जाऊ देतो, आणि तळाशी जेवढ्या सावकाश तेवढ्याच सावकाश थांब्यावरही. वर येताना दंडावरच्या झडपेतून वायू बाहेर पडतो, तेव्हा हवा आणि आर्गॉन दोन्ही सारख्याच प्रमाणात निघून जातात. त्यामुळे नव्वद मीटरवर जे नव्वद टक्के प्रमाण जमलं, ते सहा मीटरच्या शेवटच्या थांब्यावरही तसंच राहतं. पाणबुड्याला तिथे वेगळं काही करावं लागत नाही. तोवर बाटली रिकामी झाली असली तरी चालतं. थांब्यावर लागणारी गोधडी त्याने खोल तळाशीच अंगावर ओढलेली असते.